गुण येईल का?

दवाखान्यात माणसं रोगाचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "डॉक्टर, गुण येईल का?" टीबीच्या पेशंटला मी लगेच "येईल" म्हणतो, कारण गोळ्या पुऱ्या घेतल्या तर बहुतेकांना तो येतोच. दमेकऱ्याला सांगतो, "पंप सोडू नका, येईल." पण एका पेशंटपुढे मी थांबतो. फुफ्फुसाचा कॅन्सर, तिसरा टप्पा, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. केमो झाली, सहा आठवड्यांत रेडिएशनच्या तीस बैठका झाल्या, स्कॅनमध्ये गाठ आकसलेली दिसते. आणि आता मुलाच्या हातात नवी चिठ्ठी आहे: दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून इम्युनोथेरपीचं औषध, वर्षभर. मुलगा म्हणतो, "दीड एकर काढायची तयारी आहे सर, फक्त एवढं सांगा."

ही पुस्तिका त्या 'एवढं'साठी आहे. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे जुन्या अहमदनगर आणि 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आणि पेशंटच्या घरातलं वाचणारं माणूस, असे दोन वाचक डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण हा पेशंट सुरुवातीला खोकला घेऊन माझ्याकडेच येतो आणि शेवटी धाप लागली की परत माझ्याकडेच येतो. म्हणून प्रस्तावना लिहायचं कबूल केलं.

आधी औषधाविषयी. आपल्या रक्तातल्या टी-पेशी परक्या आणि बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. त्या बेफाम होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर एक ब्रेक असतो, त्याचं नाव पीडी-1. कॅन्सरच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल1 नावाचं प्रथिन आणतात आणि त्याने हा ब्रेक दाबून धरतात. तासुकु होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना अशा ब्रेकांच्या शोधाबद्दल 2018 चं नोबेल मिळालं. ड्युर्व्हालुमॅब हे औषध पीडी-एल1 ला झाकतं, म्हणजे ब्रेकवरचा पाय काढतं. रेडिएशननंतर ते देण्यामागे विचार आहे. किरणांनी पेशी फुटतात, त्यांच्या आतला माल बाहेर पडतो आणि टी-पेशींना शत्रूची ओळख नव्याने पटते. त्याच वेळी उरलेल्या कॅन्सरपेशी अंगावरचं पीडी-एल1 वाढवतात. औषध नेमकं त्या क्षणी पोचावं, ही कल्पना.

कल्पना खरी ठरली. 'पॅसिफिक' नावाच्या चाचणीत 713 पेशंट होते, केमो-रेडिएशननंतर ज्यांचा आजार वाढलेला नव्हता असे. तिघांतल्या दोघांना औषध, एकाला नुसतं पाण्यासारखं सलाईन. 2017 मध्ये पहिला निकाल आला: आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मध्यम काळ औषधाविना 5.6 महिने, औषधासह 16.8 महिने. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा औषध घेतलेल्यांपैकी 42.9 टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी 33.4 टक्के. या टप्प्याच्या आजारात कित्येक वर्षं काहीच हलत नव्हतं. केमो-रेडिएशन द्यायचं आणि वाट बघायची, एवढंच हातात होतं. त्यामुळे हा निकाल वाचला त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती आनंदाने आली नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

मग तेच आकडे मी मुलाच्या बाजूने वाचले. शंभर घरं घ्या. शंभरही घरांनी औषध केलं. पाच वर्षांनी त्रेचाळीस माणसं आहेत. पण त्यातली तेहतीस औषधाशिवायही असती. सत्तावन्न औषध घेऊनही गेली. म्हणजे पाच वर्षांच्या हिशेबात औषधाने ज्यांचं पारडं फिरवलं अशी घरं साधारण दहा. बाकीच्यांपैकी काहींना काही महिने जास्त मिळाले असतील, आणि ते महिने मी कमी लेखत नाही. नातीचं लग्न त्यात बसतं. पण दीड एकर शंभरही घरांचं गेलेलं असतं. ती दहा घरं आधी ओळखता येतील का, हा या पुस्तिकेचा विषय.

सरासरी या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटर कोसळतो. तिथून दीडएकशे किलोमीटर पूर्वेला, पाथर्डी-जामखेडकडे, पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की जिल्ह्याचा पाऊस चांगला दिसतो आणि पाथर्डीच्या विहिरीत पाणी नसतं. पॅसिफिकचे आकडे म्हणजे जिल्ह्याचा पाऊस. माझ्यासमोर बसलेला माणूस घाटघरचा की पाथर्डीचा, हे मला कळायला हवं.

इथे एक गल्लत फार शिकलेले लोकही करतात, म्हणून थोडा वेळ थांबतो. भाकितं दोन जातींची असतात. एक, या माणसाचं पुढे काय होईल. दुसरं, या औषधाने त्यात काय फरक पडेल. दोन्ही सारखी वाटतात, पण नसतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रयोगाचे वाफे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे चटकन पटेल. काळ्या कसदार जमिनीत पीक चांगलं येणार, हे पहिल्या जातीचं भाकित. खत टाका, नका टाकू. पण खताने कुठल्या जमिनीत किती जास्त आलं हे सांगायचं तर त्याच जमिनीत एक वाफा खताचा आणि एक बिनखताचा हवा. कसदार जमिनीत दोन्ही वाफे सारखेच तरारले असतील तर खताचा पैसा वाया गेला. मुरमाड जमिनीत बिनखताचा वाफा वाळला आणि खताचा उभा राहिला तर ती जमीन खताला 'लागू' झाली.

वैद्यकातल्या चाचण्यांची ही पद्धत शेतातूनच आली. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेतांवर संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी ती 1920 च्या दशकात बसवली. आपल्याकडे कृषी संशोधकांच्या पिढ्या ज्यावर शिकल्या ते संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 चं, आणि त्याचे लेखक दोघे मराठी: वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. कॅन्सरच्या भाकितावरचे निबंध वाचताना मला त्यांची फार आठवण येते. कारण त्यातल्या बहुतेकांत बिनखताचा वाफाच नसतो. औषध घेतलेल्या पेशंटांचाच गट घेतलेला असतो, त्यात कोण जगलं कोण गेलं ते पाहिलेलं असतं, आणि एखादी खूण सापडली की ती 'औषध कुणाला लागू पडेल याची खूण' म्हणून जाहीर होते. ती फक्त कसदार जमिनीची खूण असू शकते. पुस्तिका वाचताना प्रत्येक खुणेपाशी हा प्रश्न विचारावा: बिनखताचा वाफा कुठे आहे?

आता खुणा.

सगळ्यात जुनी खूण पीडी-एल1 चीच. बायोप्सीच्या तुकड्यात शंभरपैकी किती कॅन्सरपेशींवर हे प्रथिन आहे ते मोजायचं. पॅसिफिकमध्ये बिनखताचा वाफा होता, त्यामुळे इथे काही खात्रीने बोलता येतं, पण पूर्ण नाही. ज्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं त्यांच्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. ही विभागणी निकालानंतर केलेली होती, आधी ठरवलेली नव्हती, आणि 713 पैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पेशंटांची ही तपासणी उपलब्धच नव्हती. त्याच आकड्यांवरून युरोपने औषध एक टक्का किंवा अधिक असणाऱ्यांपुरतं मर्यादित केलं, अमेरिकेने सगळ्यांना मोकळं ठेवलं. एकाच कागदावरून दोन शहाण्या संस्था दोन निर्णयांना आल्या. शिवाय तुकडा काढलेला असतो केमो-रेडिएशनच्या आधीचा, औषध लढणार असतं नंतरच्या गाठीशी.

दुसरी खूण आपल्या पेशंटांसाठी जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. पॅसिफिकमधले 91 टक्के पेशंट धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले होते. धुराने पेशींच्या जनुकांत शेकडो बिघाड होतात आणि बिघाड जितके जास्त तितकी टी-पेशींना ओळख पटण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे काय? बिडी आहेच. संगमनेरात आणि नगर शहरात बायकांच्या किती पिढ्या विड्या वळत बसल्या. पण माझ्या ओपीडीत फुफ्फुसाचा कॅन्सर घेऊन अशाही बाया येतात ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही, फक्त चुलीपुढे बसल्या आहेत. अशांच्यात ईजीएफआर नावाच्या एकाच जनुकातला बिघाड बरेचदा सापडतो. पॅसिफिकमध्ये असे पेशंट अवघे 6 टक्के होते. भारतात फुफ्फुसाच्या या (नॉन-स्मॉल सेल) कॅन्सरच्या साधारण चार पेशंटांत एकाला हा बिघाड असतो. अशांना ड्युर्व्हालुमॅबचा फायदा झाल्याचा पुरावा नाही. उलट 2024 मध्ये आलेल्या 'लॉरा' चाचणीत केमो-रेडिएशननंतर त्यांना ओसिमर्टिनिबची गोळी दिली, तर आजार वाढेपर्यंतचा मध्यम काळ 39.1 महिने झाला, गोळीविना 5.6. म्हणजे 'गुण येईल का' या प्रश्नाला एका पेशंटगटाच्या बाबतीत आज स्पष्ट उत्तर आहे: या सलाईनने येण्याचा भरवसा नाही, त्या गोळीने येण्याची शक्यता मोठी आहे. जनुकाची तपासणी न करता कुणी जमीन विकायला काढली, तर त्याला थांबवणं हे आपलं काम आहे.

तिसरी खूण रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या डीएनएची. केमो-रेडिएशन संपल्यावर रक्तात गाठीचा डीएनए सापडतो का ते पाहायचं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (2020, 65 पेशंट) ज्यांच्या रक्तात तो सापडला नाही ते इम्युनोथेरपी घेवोत न घेवोत, चांगले राहिले. ज्यांच्या रक्तात सापडला त्यांच्यात इम्युनोथेरपी घेतलेले न घेतलेल्यांहून सरस निघाले. राहुरीच्या भाषेत, कसदार आणि मुरमाड दोन्ही जमिनींत दोन्ही वाफे होते. म्हणून 65 हा आकडा लहान असूनही मला हा अभ्यास सगळ्यांत आशादायक वाटतो. त्या तेहतीस घरांना, ज्यांचं औषधाविनाही बरं होणार आहे, त्यांना ओळखायची वाट इथून जाते. चिठ्ठी न देण्याचं भाकित हेही भाकितच, आणि दीड एकर वाचवणारं.

चौथी खूण स्कॅनची. गाठीच्या आतला आणि भोवतीचा पोत डोळ्यांना दिसत नाही इतक्या बारकाईने संगणकाकडून वाचून घ्यायचा. यात अनंत मदाभूषी यांच्या गटाचं नाव पुढे आहे. ते मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकून अमेरिकेत गेले. त्यांच्या गटाने तिसऱ्या टप्प्याच्या, केमो-रेडिएशन आणि ड्युर्व्हालुमॅब घेतलेल्या पेशंटांवर हा प्रयोग 2022 मध्ये छापला. या खुणेचं आकर्षण उघड आहे: स्कॅन तर झालेलाच असतो, नवीन सुई नाही, नवा खर्च नाही. पण आपल्या छात्या वेगळ्या आहेत. इथल्या फुफ्फुसांवर जुन्या टीबीचे वण आहेत, चुलीच्या धुराचे डाग आहेत. तिकडच्या फुफ्फुसांवर शिकलेला संगणक इथल्या वणाला काय म्हणेल, हे इथल्या स्कॅनवर तपासल्याशिवाय कुणीही विश्वास ठेवू नये.

आणि पाचवी, सर्वात स्वस्त. साधा सीबीसी. रेडिएशनच्या तीस बैठकांत छातीतून वाहणारं रक्त पुन्हा पुन्हा किरणांखालून जातं आणि लिम्फोसाइट्स मरतात, म्हणजे ज्या पेशींच्या जोरावर औषध लढणार त्याच. ज्यांच्या लिम्फोसाइट्स फार खाली जातात, किंवा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांच्या तुलनेत फार वर असतात, त्यांचं पुढे बरं जात नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पाथर्डीच्या लॅबमध्येही ही तपासणी होते. पण ही खूण बहुतांशी पहिल्या जातीची आहे, जमिनीच्या कसाची. लिम्फोसाइट कमी म्हणून औषध नाकारावं, इतका जोर तिच्यात नाही. हिच्याच शेजारी अँटिबायोटिकची गोष्ट येते. इम्युनोथेरपीच्या आगेमागे अँटिबायोटिक घेतलेल्यांना गुण कमी आल्याचं निरीक्षण आहे. कारण आणि योगायोग अजून वेगळे झालेले नाहीत, पण 'जरा अंग दुखतंय, सलाईन लावून टाका' असं म्हणणाऱ्या पेशंटला आणि त्यात अँटिबायोटिकही सोडणाऱ्या डॉक्टरला ही माहिती असावी.

भाकित फायद्याचंच असतं असं नाही. पॅसिफिकमध्ये औषध घेतलेल्या तिघांत एकाला फुफ्फुसाची सूज आली, न घेतलेल्या चौघांत एकाला. गंभीर सूज दोन्हीकडे थोडीच होती. चाचणीत अशा पेशंटवर बारकाईने लक्ष असतं. आपल्याकडे तो खोकला आणि ताप घेऊन जवळच्या दवाखान्यात जातो, आणि समोरच्या डॉक्टरला त्याने इम्युनोथेरपी घेतली आहे हेच माहीत नसतं. सूज, जंतुसंसर्ग, पुन्हा उठलेला टीबी आणि परतलेला कॅन्सर हे चारही एक्स-रेवर पांढरे ढगच. सुजेला स्टेरॉइड हवं, टीबीला ते घातक. पुस्तिकेतलं हे प्रकरण मी तीनदा वाचलं. ते सर्वांनी वाचावं.

वाचताना एक माणूस सारखा समोर येत होता. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. पाथर्डी तालुक्यातला ऊसतोड कामगार, पंचेचाळिशीचा, खोकल्यातून रक्त, वरच्या भागात सावली. मी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत जंतू सापडला नव्हता, तरी सुरू केल्या. तो कोयता घेऊन कारखान्यावर गेला, चार महिन्यांनी परतला तेव्हा आवाज बसला होता आणि मानेत गाठ होती. ती चूक माझी होती. त्या काळात इम्युनोथेरपी नव्हतीच, पण रेडिएशन होतं, आणि ते चार महिने मी खाल्ले. या पुस्तिकेतली भाकितं तिसऱ्या टप्प्यात सापडलेल्या माणसासाठी आहेत. चौथ्यात गेलेल्याला ती जशीच्या तशी लागू नाहीत. गोळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत सावली हलली नाही तर छातीचा स्कॅन, ही एक सवय लावून घेतली तर या पुस्तिकेचा उपयोग होणारे पेशंट वाढतील.

पैशाचं बोलणं टाळता येणार नाही. केमो आणि रेडिएशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतं, हे औषध बहुतेकांना पदरमोड करूनच घ्यावं लागतं. मात्रा वजनावर असते, किलोला 10 मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला दर वेळी 500 मिलिग्रॅमची अख्खी कुपी, वर्षात सव्वीस वेळा. 23 जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरची कस्टम ड्युटी काढली, त्यात ड्युर्व्हालुमॅब होतं आणि ओसिमर्टिनिबही. त्याच वर्षी जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. दिलासा खराच, पण मूळ किंमतच डोंगराएवढी असली की टक्क्यांनी पायथ्याचे दगड तेवढे हलतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या एका पाहणीत, इम्युनोथेरपी ज्यांना द्यायला हवी अशा शंभर जणांपैकी तिघांपर्यंतही ती पोचत नव्हती.

त्याच रुग्णालयाने मग प्रश्न उलटा विचारला: मात्रा एवढी लागतेच का? डोके-मानेच्या कॅन्सरच्या, बऱ्या होण्यापलीकडे गेलेल्या पेशंटांना स्वस्त गोळ्यांबरोबर निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. नेहमीच्या मात्रेचा हा दहावा हिस्साही नाही. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 वर गेलं. हा फुफ्फुसाचा कॅन्सर नाही आणि तिथला निकाल इथे उचलून लावता येणार नाही. पण डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की परळच्या फुटपाथवर बसलेल्या पेशंटकडे पाहून विचारलेला प्रश्न साऱ्या जगाला नवा असू शकतो. केमो-रेडिएशननंतरच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो कुणीतरी विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

अशा प्रश्नांची उत्तरं खेड्यातून येत नाहीत, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरून पाहावं. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायांना आरोग्यसेविका केलं. गावात कोण आजारी, कोण बाळंत, कोण गेलं, हे त्या बायांच्या तोंडावर असे. त्या तालुक्याला लागून भूम-परांडा, आणि पलीकडे बार्शी. तिथे 1987 मध्ये ग्रामीण भागासाठीची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. माणसं दवाखान्यात येत नाहीत म्हणून नोंदणी करणारे गावोगाव गेले. त्याच दुष्काळी पट्ट्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा जो अभ्यास झाला, तो 2009 मध्ये छापून आला आणि जगाचं धोरण बदलायला कारण झाला. त्यामागे घरोघर जाऊन 'पुढे काय झालं' हे लिहिणारी माणसं होती.

भाकिताचं मूळ तिथे आहे. पुढे काय झालं हे ठाऊक असल्याशिवाय पुढे काय होईल हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या स्वतःच्या वहीत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या किती ओळी 'पुन्हा आला नाही' या तीन शब्दांवर संपतात ते मोजायला मी परवा बसलो आणि निम्म्यात वही मिटली. कुणी परळला गेला, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिला, पुण्याला गेला, घरी गेला. मला कळलं नाही, कारण मी विचारलं नाही.

म्हणून पुस्तिकेच्या शेवटी आम्ही कोरे तक्ते जोडले आहेत. वजन, धूम्रपान की चूल, जुना टीबी, ईजीएफआर, पीडी-एल1, रेडिएशनच्या शेवटच्या बैठकीची तारीख, त्या आठवड्याच्या लिम्फोसाइट्स, इम्युनोथेरपी घेतली की नाही. 'नाही' हा रकाना 'हो'इतकाच जपून भरायचा आहे, कारण बिनखताचा वाफा तोच. पैशाअभावी घेतली नसेल तर तसंही लिहावं. शेवटचे दोन रकाने सहा महिन्यांचे आणि वर्षाचे आहेत. ते भरायला पेशंट येईलच असं नाही, फोन करावा लागेल, ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाला करावा लागेल.

पहिली ओळ मी भरली आहे. त्याच दीड एकरवाल्या मुलाच्या वडिलांची. वजन 48 किलो, बिडी वीस वर्षं, जुना टीबी आहे, ईजीएफआरचा रिपोर्ट यायचा आहे. मुलाला सांगितलं, तो येईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नको. गुरुवारी येणार आहेत दोघं.